तोंडातले खिळे

माझं आणि नवऱ्याचं भांडण असं कधी झालंच नाही. म्हणजे मी भांडले, चांगली घसा बसेपर्यंत भांडले, पण भांडणाला समोरूनही कोणीतरी लागतं ना? आमचे हे बोलायचेच नाहीत. बोलणार कसे? तोंडात खिळे!

आमचं सोफे दुरुस्तीचं दुकान आहे, घराला लागूनच. लोक बसून बसून खड्डे पाडतात, मुलं उड्या मारून स्प्रिंगा मोडतात, मांजरं नखांनी कापड फाडतात, आणि मग तो सोफा आमच्या दारात येतो. हे सांगाडा ठोकून घट्ट करतात, पट्टे ताणतात, काथ्या आणि फोम भरतात. मी आतल्या खोलीत मशीनवर कव्हरं शिवते. आता कापड ताणून धरायला एक हात लागतो आणि हातोडीला दुसरा. मग खिळे धरायचे कुठे? डाव्या गालात. मूठभर बारीक खिळे गालात भरायचे, जिभेने एकेक ओठांपर्यंत आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतं त्याने तो अलगद उचलायचा आणि ठक्! तोवर पुढचा ओठांत हजर. यांना शिकवणारे उस्ताद असंच करायचे. खिळा हातात धरून मारणारा आमच्या धंद्यात कच्चा लिंबू.

त्यामुळे आमचा संसार असा चालायचा: "अहो, विजेचं बिल भरलंत?" "हं." "अहो, लेकीला फोन केलात?" "हं." "अहो, आपल्या घरच्या सोफ्याला हे हिरवं कापड घालू?" "हं." झालं! घरचा सोफा हिरवा झाला आणि पुढे दरवेळी कव्हर बदललं तरी हिरवाच राहिला. शेजारणी म्हणायच्या, तुझा नवरा किती गरीब, तुझ्या शब्दाबाहेर नाही. मीही मिरवत होते. खोटं कशाला बोलू?

मग एकदा माझ्या लक्षात आलं की खिळे डाव्या गालातून उजव्या गालात गेलेत. "काय हो, घर बदललं का खिळ्यांनी?" म्हटलं. "हं." थोड्या दिवसांनी उजव्या गालातूनही खिळे पडायला लागले. जेवताना हे एकाच बाजूने चावायचे, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. आणि एका दुपारी एका बाईंच्या पांढऱ्या खुर्चीवर, नव्याकोऱ्या कापडावर, खिळ्याबरोबर रक्ताचा ठिपका पडला. मी हातातली कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "आ करा."

जिभेच्या डाव्या कडेला, खाली थेट जबड्यापर्यंत, लाल-पांढरं काहीतरी उठलं होतं. आमचे दाताचे डॉक्टर म्हणजे बोलका माणूस, दात काढताना गोष्टी सांगतो. त्यांनी आरसा आत घातला आणि त्यांची गोष्ट मध्येच थांबली.

पुढे तुकडा काढून तपासणं, स्कॅन, मोठं हॉस्पिटल. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या, पण बोलणं एकदम सरळ. पहिलाच प्रश्न: "तंबाखू?"

"छे!" मी ठणकावून सांगितलं. "खिळ्यांशिवाय काही नसतं यांच्या तोंडात."

हे फरशीकडे बघत होते. "हं," म्हणाले.

आता, यांचं 'हं' मी इतकी वर्षं ऐकलंय. खिळे असतानाचं 'हं' दातांतून येतं, जरा शिट्टीसारखं. हे 'हं' पोकळ होतं. मी वळून बघितलं. "संध्याकाळी," हे पुटपुटले, "दुकान आवरताना. चिमूटभर. गालात." म्हणजे मी ज्याला खिळे समजून गप्प बसत होते ती तंबाखू होती! नवरा साधा म्हणून मिरवणाऱ्या बाईची अशी फजिती व्हावी? "डॉक्टर," मी म्हटलं, "तुम्ही यांना बरं करा. पुढचं मी बघते."

बाई हसल्या, पण मग त्यांनी कागदावर जबडा काढून दाखवला. आजच ऑपरेशन केलं तर जवळजवळ अर्धी जीभ जाईल आणि त्या बाजूचं जबड्याचं हाड जाईल. बोलता येईल, पण ते घरच्यांना कळलं तर कळेल. म्हणून आधी केमो देऊन बघू, तीन वेळा, मध्ये तीन-तीन आठवडे सोडून. गाठ आक्रसली तर कमी कापावं लागेल, हाड वाचेल, जीभही बरीचशी वाचेल. "सगळ्यांना हा मार्ग नसतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या गाठीची जागा बघता करून पाहण्यासारखं आहे. पण शब्द देत नाही."

यांनी कागदावरच्या कापायच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "जुनी खुर्ची उघडताना मी तसंच करतो. आधी सरस भिजवून सैल करायचा. घाईने ओढलं की लाकडाचा टवका निघतो."

"साधारण तसंच," बाई म्हणाल्या. "फक्त खुर्ची उलट्या करत नाही."

आणि उठता उठता त्यांनी बजावलं, तोंडात खिळा घालायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. ब्रशसुद्धा मऊ घ्यायचा. खिळ्यांनी कॅन्सर झाला असं त्या म्हणाल्या नाहीत, दोष तंबाखूचाच. पण जखमेला रोज टोचणं आता चालणार नव्हतं.

घरी येऊन मी सगळे खिळे बरणीच्या झाकणात ओतले आणि झाकण यांच्यासमोर ठेवलं. हे कच्च्या लिंबासारखे एकेक खिळा बोटांनी उचलायला लागले. आणि काय सांगू! तोंड रिकामं झाल्यावर हा माणूस बोलायला लागला.

आधी म्हणाले, चहात साखर जास्त असते. कधीपासून? पहिल्यापासून. मग म्हणाले, तुझा भाऊ एकच विनोद दरवेळी सांगतो आणि तो मुळात विनोद नाहीच. मग समोरच्या किराणावाल्याचं हुबेहूब सोंग करून दाखवलं, मी हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. आणि एका संध्याकाळी घरी सोफ्यावर बसल्या बसल्या, जणू काही हवापाण्याचं बोलतोय असं, म्हणाले, "हा हिरवा रंग मला कधीच आवडला नाही."

"काय?"

"डोळ्यांना टोचतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तोंडात खिळे होते."

"इतकी वर्षं?"

"खिळे काय कमी होते का?"

मी कपाळाला हात लावला. "मग कोणता हवा होता साहेबांना?"

"विटकरी," हे लगेच म्हणाले. पाठ करून ठेवल्यासारखं. "लाल नाही, तपकिरी नाही. भाजलेल्या विटेचा."

"विटकरीवर डाग दिसतात."

"हिरव्यावर मी दिसत नाही."

अहो, लागलं की भांडण! खरंखुरं, दोन्ही बाजूंनी. मी एक म्हणायची खोटी, हे दोन म्हणायचे. लेकीचा फोन आला तर तिला वाटलं टीव्ही चालू आहे. मला इतकी मजा कधी आली नव्हती. आणि भांडण ऐन रंगात असताना मनात आलं, यांचा हा आवाज मला आत्ता सापडलाय. इतकी वर्षं घरातच होता आणि मला आत्ता सापडलाय. हाच कापून नेणार का? मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ मोठा सोडला, म्हणजे रडलेलं ऐकू येऊ नये.

केमोच्या हॉलमध्ये मोठमोठ्या आरामखुर्च्या होत्या. यांनी बसायच्या आधी खुर्चीला मूठ मारून पाहिली. "फोम मेला," म्हणाले. सिस्टरना वाटलं कोणी गेलं का काय, त्या धावत आल्या. तेव्हापासून हे तिथे 'सोफावाले काका' झाले. हाताला सुई, वर सलाईनच्या पिशव्या एकामागून एक, आणि हे शेजारच्या पेशंटला सांगतायत की तुमच्या खुर्चीच्या डाव्या स्प्रिंगेत अजून जीव आहे, तिकडे कलून बसा. जित्याची खोड!

सोपं नव्हतं ते. उलट्या झाल्या, तोंड सोलून निघालं, पाणीसुद्धा झोंबायचं. मी मऊ भात मिक्सरमधून काढायची आणि हे चमचाभर खाऊन माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच ते विष कालवलंय. पण शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ एकदा कुरकुरत होते की औषधामुळे तोंडाला सारखी लोखंडाची चव येते, काही गोड लागत नाही. हे म्हणाले, "मला तर घरच्यासारखं वाटतंय." तो माणूस हसला, सिस्टर हसल्या, मी हसले, आणि हेही हसले ते तोंड धरून, कारण हसलं की दुखायचं.

केस गेले, मिशी गेली. मिशीखाली एक ओठ निघाला, जरासा तिरका, हसताना एका बाजूला जास्त जाणारा. लग्नात मिशी होती, नंतर मिशी आणि खिळे. तो ओठ मी पहिल्यांदाच बघत होते. मला आवडला, आणि मी तसं सांगितलंही. हे लाजले.

दुसरा केमो झाला. स्कॅन तिसऱ्यानंतर होणार होता, तोवर कोणालाच काही कळणार नव्हतं. मी रोज बॅटरी घेऊन यांच्या तोंडात बघायची आणि म्हणायची, "लहान झालीय हो."

"तुला वाटतं," हे म्हणायचे. "वाटण्यावर कापड कापतेस का तू? माप नको?"

मी दुर्लक्ष केलं. तिथेच फसले.

एका संध्याकाळी यांना हुडहुडी भरली. अंग तापलेलं. हॉस्पिटलने सांगून ठेवलं होतं की केमोनंतर ताप आला तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, थेट यायचं. आम्ही गेलो. ओळखीच्या सिस्टर होत्या. त्यांनी रक्त घेतलं आणि विचारलं, "काका, तोंडात कुठे कापलं, खरचटलं का?"

"हं," हे म्हणाले.

पोकळ 'हं'! मी सिस्टरना म्हटलं, "थांबा जरा." यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "तोंडात खिळे नाहीत. तंबाखूही नाही. तरी 'हं' म्हणालात. काय केलंत?"

आधी छताकडे बघितलं, मग बुटांकडे. मग खालच्या आवाजात आलं एकदाचं. दुपारी मी कापड आणायला गेले होते तेव्हा यांनी खिळे घेतले आणि गालात भरून पाहिले. माप घ्यायला! आजाराआधी डाव्या गालात मूठभर मावायचे, मग मावेनासे झाले, म्हणजे गाठ आक्रसली असेल तर पुन्हा मावायला हवेत. असा हिशोब.

"उकळून घेतले होते," हे घाईने म्हणाले. "चांगले खळखळून."

"कशात?"

"चहाच्या पातेल्यात."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगीच नाही. मी जे ओरडले ते तिथल्या भिंतींना अजून आठवत असेल. सिस्टर तोंडावर हात ठेवून हसू दाबत होत्या, पण रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यांनी लगेच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई आल्या त्या ओरडल्या नाहीत. त्या हळू आवाजात बोलल्या, ते जास्त वाईट. अशा अंगात एवढ्याशा टोचण्यातून जंतू रक्तात शिरू शकतो. दाखल व्हावं लागेल, इंजेक्शनं चालतील, आणि तिसरा केमो पुढे ढकलावा लागेल.

"पुढे ढकलला तर गाठ परत वाढेल?" मी विचारलं.

"आठवडाभराने बहुधा नाही," त्या म्हणाल्या. "पण आता खिळे बंद."

खोलीत आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी म्हटलं, "कसली घाई होती तुम्हाला? तुमच्या त्या मापापायी जीव गेला असता तर?"

यांनी उशी चाचपून पाहिली. मग म्हणाले, "तुझ्याशी आत्ता कुठे भांडायला लागलोय मी. अजून किती दिवस भांडता येणार ते कळायला नको?"

मी यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं, ते आधीच नीट होतं. तोच यांचा आवाज आला, "विचार ना, किती मावले."

"मुळीच विचारणार नाही."

"अर्ध्यापेक्षा जास्त."

मी रडले. आणि रडून झाल्यावर राहिलेलं ओरडून घेतलं.

ताप उतरला. तिसरा केमो उशिरा का होईना झाला, स्कॅन झाला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तोच जबडा काढला, पण या वेळी त्यांची रेघ लहान होती. गाठ चांगली आक्रसली होती. हाड सबंध काढायचं नाही, फक्त वरची कड तासायची. जिभेची एक बाजू जाईल, तिथे हाताच्या कातडीचा तुकडा लावू. माझ्या जिवात जीव आला. पण मी खमकी, विचारलंच, "आणि बोलणं?"

"येईल असं वाटतं. किती स्पष्ट, ते बोलतील तेव्हाच कळेल."

ऑपरेशन लांबलचक चाललं. बाहेर लेक आणि मी एकमेकींचा हात धरून बसलो होतो, आणि तिने मला एक कप बिनसाखरेचा चहा प्यायला लावला. वाईट नव्हता.

यांना पाहिलं तेव्हा तोंड सुजून भोपळा, नाकात नळी, गळ्याला श्वासाची नळी, हाताला बँडेज. गळ्याला नळी असेतो बोलणं शक्यच नव्हतं. लेक म्हणाली, आई, मी इथे बसते, तू घरी जाऊन जरा पड. मी घरी गेले, पण पडवेना. तो हिरवा सोफा समोर. मी दुकानात जाऊन विटकरी कापड काढलं. लाल नाही, तपकिरी नाही. ज्या दिवशी भांडलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते आणून ठेवलं होतं, यांना न सांगता. ह्या माणसाला यापुढे बोलता आलं नाही तर? निदान एक गोष्ट तरी त्याला पुन्हा मागावी लागू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. शिवताना डोळ्यांसमोर सगळं धूसर होत होतं. मग हिरवं उसवलं, नवं ताणलं, आणि खिळे स्वतः मारले. झाकणातून एकेक उचलून, कच्च्या लिंबासारखे. अंगठा ठेचला दोनदा.

गळ्याची नळी निघाली, जखम भरत आली, आणि तरी हे बोलेनात. बोलणं शिकवणाऱ्या ताई रोज येऊन जीभ वर करा, जीभ बाहेर काढा म्हणायच्या, हे करायचे. पण मी खोलीत गेले की गप्प. "दुखतंय?" "हं." "पाणी देऊ?" "हं." डॉक्टरीणबाई म्हणायच्या, धीर धरा, आपला आवाज स्वतःला परका वाटतो, तुमच्यासमोर लाज वाटत असेल. मी मान हलवायची. पण मनात म्हणायची, खिळे काढले, तंबाखू काढली, गाठ काढली, आणि माझ्या पदरात शेवटी 'हं'च राहिलं का?

घरी आलो. लेकीने यांचा दंड धरला होता, मी पुढे होऊन दार उघडलं. हे आत आले आणि थांबले. सोफ्याकडे बघत राहिले. मग हे हळूहळू गेले, बसले, मूठ मारून फोम पाहिला. सोफ्याच्या हातावरून बँडेज नसलेला हात फिरवत नेला, अगदी कोपऱ्यापर्यंत, आणि तिथे बोटं अडकली. पुन्हा मागे नेली, पुन्हा अडकली. तो तिरका ओठ हलला.

"शिवण," हे म्हणाले.

आवाज जाड होता, तोंडात कापूस असल्यासारखा. 'श'चा 'स' झाला होता. पण मला कळलं, दाराशी उभ्या लेकीला कळलं, आणि उघड्या दारातून आमच्याकडे बघणाऱ्या किराणावाल्यालाही कळलं.

"शिवण वाकडी आहे," हे म्हणाले. "आणि खिळे किती लांब लांब मारलेस! असं काम दुकानात खपलं असतं का?"

अहो, मी अंगठा ठेचून घेतला होता! डोळे फुटेपर्यंत शिवलं होतं! केवढं तरी बोलायचं होतं मला, सगळं ओठांवर आलं होतं, मूठभर खिळ्यांसारखं.

"हं," मी म्हटलं, आणि कात्री घेऊन शिवण उसवायला बसले.